यंदा एकच देऊळ बघू या

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतले ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, सोसायट्यांच्या सहल समित्या आणि दरवर्षी बस ठरवण्यासाठी धावपळ करणारे तमाम कार्यकर्ते,

स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आपल्या नोटीस बोर्डांवर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सहलींची पत्रकं झळकायला लागतात. 'एका दिवसात नऊ प्राचीन देवस्थानं, चहा-नाश्ता-जेवणासह.' देवळांची नावं एका ओळीत कोंबलेली आणि खाली मेनू मात्र सविस्तर: उपमा की पोहे, गोड काय, संध्याकाळी भजी की वडापाव. दिवसाची वाटणीही त्याच मापाने होते. नाश्त्याला पाऊण तास, जेवणाला दीड तास आणि हजार वर्षं उभ्या असलेल्या देवळाला वीस मिनिटं. त्यातली दहा चपला शोधण्यात आणि ग्रुप फोटोसाठी 'अहो जोशी, जरा पुढे या' करण्यात जातात.

तुमची मेहनत मला माहीत आहे. चाळीस-पन्नास माणसांची वर्गणी गोळा करा, बसवाल्याशी घासाघीस करा, कुणाला खिडकी हवी, कुणाला पुढची सीट, कुणाला साखर चालत नाही. हे सगळं फुकटात करणाऱ्यांना शहाणपण शिकवायला निघालो असं वाटू नये, म्हणून आधीच सांगतो, माझी मागणी एकच आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. यंदा यादीतली आठ नावं खोडा. एकच जुनी जागा निवडा, अगदीच राहवलं नाही तर वाटेवरची दुसरी, आणि तिथे आम्हाला निदान अडीच-तीन तास मोकळे सोडा.

मी नेरुळला राहतो. सगळी नोकरी सरकारी खात्यात आरेखक म्हणून गेली, त्यामुळे देवळात शिरलो की माझी नजर आधी कोपऱ्यांकडे, तुळयांकडे, पाणी कुठून निघून जातं तिकडे वळते. 'हा माणूस दर्शनाला येतो की मोजणीला?' असं सहलीतली मंडळी विचारतात. दोन्हीला. आणि दोन्ही गोष्टी एकाच जागी, भरपूर वेळ देऊन करता येतात, असं अंबरनाथला दिसतं.

अंबरनाथपासूनच सुरुवात करू. नवी मुंबईतून महापे-शिळफाटा-काटईमार्गे गेलं आणि शिळफाट्याने फार छळलं नाही, तर हे देऊळ आपल्या अगदी हाताशी आहे. ठाणेकरांना तर बससुद्धा नको, कर्जत किंवा बदलापूर लोकलने जायचं, पूर्वेला उतरून रिक्षा करायची. तरीही आपल्या पत्रकांत अंबरनाथ 'जाता जाता' या सदरात येतं. पुढे कुठेतरी जेवण सांगितलेलं असतं, म्हणून बस चालू ठेवून दर्शन.

उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर एक शिलालेख आहे. काळ शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. त्यात शिलाहार राजा मामवाणी याचं नाव आहे आणि त्याच्या आधी राज्य केलेला त्याचा भाऊ छित्तराज याचंही. कोकणातल्या या घराण्याच्या लेखांतलं 'श्रीस्थानक' म्हणजे आपलं ठाणं. ठाण्याला १७८७ मध्ये पाया खणताना एक ताम्रपट सापडला होता, तो या दोघा भावांच्या काकाचा, अरिकेसरीचा, शक ९३९ चा. म्हणजे हे देऊळ कुठल्या परमुलखातल्या राजाने येऊन बांधलेलं नाही, आपल्याच गावाच्या राजांचं आहे. शिळफाट्याला बस अडकते तेव्हा एवढं जरी कुणी माइकवर सांगितलं तरी अंताक्षरीच्या दोन फेऱ्यांचाच वेळ लागेल.

त्याऐवजी आम्हाला काय सांगितलं जातं? 'हे पांडवांनी एका रात्रीत बांधलं.' बरं, ती लोककथा आहे, सांगावी, मजा येते. पण लगेच पुढचं वाक्य येतं, 'हेमाडपंती देऊळ आहे.' ज्या हेमाद्रीच्या नावाने आपण महाराष्ट्रातलं प्रत्येक काळं देऊळ ओळखतो, तो तेराव्या शतकातला, देवगिरीच्या महादेव यादवाचा मंत्री. अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. त्यात आणखी गंमत अशी की याच महादेव यादवाने १२६५ च्या सुमारास शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला आणि सोमेश्वर समुद्रात बुडून गेला. ज्याच्या धन्याने घराणं संपवलं, त्याच्याच नावाची पाटी आपण त्या घराण्याच्या देवळावर लावतो आहोत. शिलाहारांनी हे वाचलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना!

शैली भूमिज. कळसाचं नीट राहिलेलं अंग डोळे वर करून पाहिलं तर छोट्या छोट्या शिखरांच्या माळा रांगेने वर चढलेल्या दिसतात. शिर्डीच्या सहलीत तुमची बस सिन्नरवरून जाते ना, तिथला गोंदेश्वर याच शैलीतला, पण अंबरनाथपेक्षा धाकटा. दोन्ही पाहिलेल्या माणसाला पुढच्या वेळी कुठलंही देऊळ नुसतं 'जुनं' म्हणून भागत नाही.

आता जरा भिंतीजवळ या. या देवळाची बाहेरची भिंत सरळ नाहीच. दर हात-दीड हातावर ती कोन करून पुढे येते, परत आत वळते, पुन्हा पुढे येते. मी एकदा कागदावर तिचा नुसता अंदाजी आराखडा काढायला बसलो आणि एकाच बाजूत पेन्सिल बोथट झाली. कशासाठी एवढा खटाटोप, ते ऊन तिरपं पडतं तेव्हा कळतं. प्रत्येक कोनाची सावली शेजारच्या कोनावर पडते आणि सगळी भिंत उभ्या काळ्या-राखाडी पट्ट्यांनी भरून जाते. त्या पट्ट्यांत मूर्ती एकेक करून पुढे येतात. देवळाचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून सकाळी मागची भिंत उजळते आणि पुढची बाजू उतरत्या उन्हात. बारा वाजता पोचणाऱ्या बसला यातलं काही दिसत नाही. डोक्यावरच्या उन्हात तो काळा बसाल्ट नुसता काळा दिसतो आणि आपण म्हणतो, 'झिजलंय हो सगळं.'

आत मंडपाला तीन बाजूंनी दारं. मधल्या चार खांबांवर छताचा घुमट तोलला आहे. खांब पाहायचे तर ते खालपासून वरपर्यंत, थांबून पाहावे लागतात, कारण पायथ्याशी चौकोनी असलेला खांब वर जाता जाता आकार बदलतो. मग गाभारा. तो मंडपाच्या पातळीवर नाही, वीसेक पायऱ्या खाली उतरून जायचं. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच हात जोडले तरी चालतं, वरूनही नजर पोचते. पण उतरलात तर मान वर करा. गाभाऱ्यावरचं शिखर पुरं नाही, वर उघडं आकाश आहे, आणि सगळा उजेड विहिरीत पडावा तसा वरून पिंडीपर्यंत येतो. रांगेत 'चला, चला, पुढे चला' ऐकत उतरलेल्या माणसाला मान वर करायला फुरसत होत नाही. मीच अशा रांगेत होतो तेव्हा पुढच्याच्या टाचेशिवाय काही पाहिलं नव्हतं.

१८६८ साली मुंबईच्या कलाशाळेतली, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूलमधली मंडळी सरकारी कामगिरीवर इथे आली होती. त्यांनी मापं घेतली, चित्रं काढली, शिल्पांचे साचे घेतले. या देवळाची पद्धतशीर नोंद तेव्हापासूनची. आम्हा आरेखकांचे पूर्वजच म्हणायचे. त्यांनी बाजूची वालधुनी नदी म्हणून पाहिली असणार. आज तिचा काय नाला झालाय ते पत्रकात छापत नाहीत, पण सहलीतल्या प्रत्येकाच्या नाकाला कळतं. तेही पाहून यावं, त्यावर बसमध्ये बोलावं. अंताक्षरीपेक्षा वेगळं काही होईल.

वारांचं मात्र नीट बघा. आमच्याच भागातल्या एका मंडळाने, नाव घेत नाही, घारापुरीची सहल ठरवली आणि ती मुद्दाम सोमवारी. का, तर शंकराचा वार! घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेला उतरल्यावर हा उलगडा झाला. पन्नास माणसं डबे-पिशव्यांसह दिवसभर मुंबईत हिंडली, राणीच्या बागेचा विषय निघाला, कुणीतरी गिरगाव चौपाटी म्हटलं, आणि शेवटी सगळे पावभाजी खाऊन परत आले. सदाशिवाची ती सहा मीटर उंच मूर्ती पाहायला निघालेल्या माणसांचा हा दिवस. कान्हेरीलाही हाच घोळ होतो, कारण राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. वार पाहायला पंचांग पुरत नाही, फोन करावा लागतो.

कान्हेरीचा विषय निघालाच आहे तर ठाणेकरांचं एक दुःख सांगू दे. येऊरचा डोंगर आपल्या दारात, लेणी त्याच जंगलाच्या पोटात, आणि जायचं मात्र घोडबंदरचा ट्रॅफिक खात बोरिवलीला वळसा घालून. बोगदा होतोय म्हणतात, होईल तेव्हा होईल. तोवर पहाटे निघा. तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत, ती सगळी 'करायची' नसतात. क्रमांक तीनचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, प्रवेशाजवळच आहे, फार चढावं लागत नाही. व्हरांड्याच्या दोन टोकांना बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. तिथेच ज्यांना बसायचं त्यांना बसू द्या, ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी वर जावं. वर गेलेल्यांनी पाण्याची टाकी बघावी. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं आहे, खडकात खोदलेल्या चऱ्यांनी पावसाचं पाणी त्यात आणून सोडलं आहे. आमच्या सोसायटीत टँकरवरून दर मे महिन्यात जी भांडणं होतात, ती आठवून मी त्या टाक्यांपाशी बराच वेळ उभा होतो. दान देणाऱ्यांची गावंही लेखांत आहेत: कल्याण, सोपारा, नाशिक. लोकल आणि एस.टी.च्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं.

आणि क्रमांक ९० च्या लेण्यात आपल्या सगळ्या सहल समित्यांचे आद्यपुरुष भेटतात. इसवी सन १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये काही पारशी मंडळी कान्हेरी पाहायला आली होती. आपण आलो होतो हे त्यांनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत, तारीख घालून, नावानिशी भिंतीवर कोरून ठेवलं आहे. अंबरनाथचं देऊळ पुरं व्हायच्याही आधीची ही सहल. त्यांच्या कोरण्याला आज हजार वर्षांनी किंमत आली, म्हणून कुणी आपल्या नातवाचं नाव चावीने भिंतीवर काढू नये, एवढं कृपया बसमध्ये बजावून सांगा. तेल, हळदकुंकू, खडू, यातलं काहीही शिल्पाला लागता कामा नये. हे काम एरवी कुणी करत नाही, कारण मोठ्या माणसांना कोण टोकणार!

आता कार्ले. तुमच्यापैकी निम्म्यांची कुलदेवता तिथे आहे, म्हणून जपून लिहितो. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली, आपल्या गावागावांतली आगरी-कोळी मंडळी चैत्रात आई एकवीरेला जातात, पालखी वाजतगाजत निघते, आणि ते तसंच चालू राहावं. पण आईचं देऊळ आणि चैत्यगृहाचं दार यांत चार पावलांचं अंतर आहे. दर्शनाला तास-दोन तास रांगेत उभी राहिलेली माणसं त्या दाराकडे पाठ करून जिना उतरतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आत शिरा. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा कोरीव खांब, वर हत्तींवर बसलेली जोडपी, आणि स्तूपाच्या मागे सात साधे खांब, एकूण ३७. वर छताला लाकडी फासळ्या आहेत. त्या मूळच्या, म्हणजे दोन हजार वर्षांच्या सागवानी. आपल्या घराच्या दाराला पाच पावसाळ्यांत फुगवटा येतो.

खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेटजींनी हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह असल्याचं कोरून घेतलं आहे. शेटजींनी शेटजींसारखंच लिहिलं! मला जास्त आवडतो तो दाराशी सापडणारा सुतार. वेणुवासाचा मुलगा सामी, राहणार धेनुकाकट, त्याने दार केलं अशी नोंद आहे. कुणी गंध विकणारा, कुणी यवन म्हणजे ग्रीक, कुणी सोपाऱ्याहून आलेला धर्मग्रंथांचा पाठक. राजाने एकहाती बांधलेलं हे नाही, वर्गणी काढून झालेलं काम आहे. वर्गणीची वही सांभाळणाऱ्या तुमच्यासारख्यांनी तर हे बघायलाच हवं.

'काका, लोकांना देव हवा असतो, दगड नको,' असं एका उत्साही चिटणिसांनी मला सुनावलं होतं. मला तसं वाटत नाही. लोकांना देव हवाच असतो, पण नवव्या देवळात कुणालाही देव दिसत नाही, बसची सीट दिसते. पाच वाजता बायाबापड्या पिशवीतला नारळ कुठल्या देवळात फोडायचा राहिला याचा हिशेब करत असतात. आणि दुसरा आक्षेप, 'एकाच देवळाचे एवढे पैसे कोण देईल?' बसचं डिझेल कमी लागेल, जागोजागचं पार्किंग वाचेल, तेवढ्यात वर्गणीच उतरवा. ती उतरली की पाहा कोण येत नाही.

माहिती कोण सांगणार, हा खरा प्रश्न आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. देवळापाशी पुढे पुढे करणारे हौशी सांगतात ते बहुधा पांडव आणि भुयार. इथून निघालेलं भुयार थेट कल्याणला, तिथून निघालेलं नाशिकला, कोकणात जमिनीवर रस्ते नव्हते काय असं वाटावं! तुमच्याच संघात निवृत्त इतिहासाचे प्राध्यापक असतील, संस्कृतच्या बाई असतील, इंजिनिअर तर सेक्टरला शंभर मिळतील. त्यांना महिनाभर आधी एक जागा वाटून द्या, वाचून यायला सांगा. पन्नास माणसांचे दोन गट करा, एक आत असताना दुसरा बाहेर. गाभाऱ्यात आणि लेण्यात मोबाइलची टॉर्च चालते, पण एक चांगली बॅटरी आणि दोन-तीन घडीचे स्टूल घेतले तर म्हातारी माणसं भिंतीसमोर बसून बघतील. स्वच्छतागृह कुठे आहे, ते कोणत्या अवस्थेत आहे, हे एकाने आधी जाऊन बघून यावं. बायकांच्या सहली त्याच एका कारणाने घाईत उरकतात आणि त्याबद्दल पत्रकात कधी अवाक्षर नसतं.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. महाशिवरात्रीला अंबरनाथला जत्रा भरते, ती जत्रा म्हणून जरूर करावी, पण त्या दिवशी कोपराशेजारचं कोपर सोडून काही दिसत नाही. मार्गशीर्ष-पौषातला मधल्या वारातला दिवस घ्या, साडेसहाला निघा, आठला पोचा, नाश्ता देवळानंतर.

ज्यांना एवढा प्रवासही झेपत नाही त्यांच्यासाठी ठाण्यातच मासुंदा तलावाकाठी कौपीनेश्वर आहे. मूळ शिलाहारांच्या काळातलं स्थान, आजचं देऊळ १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी पुन्हा उभं केलेलं. रोज समोरून जाणाऱ्या ठाणेकरांनी तिथली भलीमोठी पिंड सावकाश, प्रदक्षिणा घालत बघितली आहे का, हे एकदा विचारा. अर्ध्या दिवसाची सहल, बसचा खर्च शून्य.

अंबरनाथची बस कुणी काढली तर मी येईन. वर्गणी भरेन, मागची सीट चालेल, आणि मंडळाला हवा असेल तर देवळाचा आराखडा काढून पन्नास झेरॉक्स प्रती माझ्याकडून. दोन अटी आहेत. उतरल्यावर स्पीकर बसमध्येच ठेवायचा, आणि परत निघायची वेळ ड्रायव्हरने ठरवायची नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नेरुळचा एक निवृत्त आरेखक